कमरेला शिवलेल्या पट्ट्या

आमचे कॉलेजातले खेळाचे सर म्हणजे अवलिया माणूस. नव्वदच्या दशकातलं धुळं. मुलींना खो-खोसाठी मैदानावर आणतानाच त्यांच्या नाकी नऊ यायचे, आणि हे गृहस्थ कुठल्याशा शिबिरातून दोन्ही टोकांना निमुळता चेंडू घेऊन आले. अमेरिकन फुटबॉल. त्यातला मुलींसाठीचा प्रकार जरा सौम्य होता. चेंडू घेऊन पळणारीला पाडायचं नाही, तिच्या कमरेला खोचलेली कापडी पट्टी ओढायची, की ती थांबली. या खेळाच्या देशादेशांत स्पर्धा होतात, हे सर अशा थाटात सांगायचे, जणू आमचं विमान धुळ्याच्या एसटी स्टँडवरूनच सुटणार आहे.

जळगावला निवडीचा सामना ठरला. त्यातून मुली राज्याच्या शिबिराला जाणार होत्या. मला जायचंच होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. धुळ्याजवळच्या गावात आमची कापसाची शेती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निर्णय आईवर ढकलून अंग काढून घेतलं.

आईने एवढंच विचारलं, "कोणी आंगले हात लावाव नही ना?"

नाही, म्हटलं, अंगाला नाही, नुसती पट्टी ओढतात. तिने होकार दिला. सोबत मात्र येणारच म्हणाली.

सामन्यात चेंडू हातात येताच मी सुसाट सुटले. समोरच्या संघातल्या मुलीने पट्टीला हिसका दिला आणि पट्टीऐवजी मीच आडवी झाले. पुन्हा तेच. पंचांनी येऊन पाहिलं, तर पट्ट्या माझ्या कुर्त्याला शिवलेल्या, गोधडीला घालतात तसल्या दुहेरी दोऱ्याने. आदल्या दिवशी आईने माझे कपडे नीट करायला घेतले होते, ते यासाठी; मला पत्ताच नव्हता. चारचौघांत लेकीच्या कमरेचं कापड कोणी ओढून न्यावं, हे तिला सोसवलं नव्हतं. पंच म्हणाले, ही लबाडी आहे, मुलगी बाहेर.

मला रडू कोसळलं. सर पंचांची मनधरणी करत होते. तेवढ्यात आई पदर सावरत थेट मैदानात आली, माझ्यापुढे बसली आणि दातांनी दोरा तोडू लागली.

"बठ्ठा देखी ऱ्हायनात," मी पुटपुटले. सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं.

"देखू दे," ती म्हणाली.

टाके उसवून तिने पट्ट्या सरांच्या हातात दिल्या आणि कडेला जाऊन उभी राहिली. पंच विरघळले. पुढच्याच धावेत माझी पट्टी गेली. आईने चौफेर नजर फिरवली. कोणी हसलं नव्हतं.

शिबिरासाठी माझं नाव निघालं. परदेशात आमच्यापैकी कोणीच गेलं नाही, आणि त्याची मला खंतही नाही. पुढे शिबिराला गेले, नोकरीला गेले, एकटीने गावोगाव फिरले, त्या सगळ्यासाठी मी आईची ऋणी आहे.

त्या दिवशी परतीच्या एसटीत ती पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "पुढला टाइमले मी येवाव नही. तू एकली जाजो."