सत्तावीस अजून दगडावर

टाकीत हात घालण्यापूर्वी महिपतकाका तीनदा हात धूत. साबण नाही, नुसतं पाणी. मग हात उन्हात धरून वाळवत. टॉवेलमध्ये साबणाचा अंश राहतो म्हणत.

डोक्याला तेल लावत नसत. दिवाळीच्या अभ्यंगालासुद्धा उजवा हात खांद्यापर्यंत कोरडा ठेवत.

पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटत आणि खारटपणाचा आकडा सांगत. मग मोजायची काचेची नळी पाण्यात सोडत. माझ्यासमोर आकडा दोनदाच चुकला.

एसटीत जाताना डाव्या खिडकीशी बसत, येताना उजव्या. समुद्राचा रंग बघून एकटेच "आज नाय" म्हणत.

बाहेरच्या खोलीत उदबत्ती लावू देत नसत. दार आपटू देत नसत.

टाकीच्या काचेवर पेन्सिलची एक रेघ होती. पाणी रेघेखाली गेलं की तेवढं गोडं पाणी चमच्याचमच्याने घालत. समुद्राचं का नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारी. "पाणी उडतं, मीठ उडत नाय," एवढंच सांगत.

रोज सकाळी मोजत. मोठ्याने, वर्गाची हजेरी घ्यावी तसे.

ते मोजत ते प्रवाळ. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत एक दगड आणि दगडावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं, प्रत्येकाला तपकिरी झालर. उजेड आला की उघडायची, सावली पडली की मिटायची. या श्रावणात ती एकशे बारा होती.

महिपत डोर्लेकर रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होते. मी त्याच कॉलेजात मराठी शिकले. पूर्णगडहून सकाळच्या गाडीला आम्ही दोघं ठरलेले. पाच वर्षं शेजारी बसलो. मैत्री तिथली. त्यांचं वय साठ, माझं चोवीस.

अकरा वर्षांपूर्वी भिकाजी तांडेलच्या जाळ्यात तो दगड आला. तेव्हा त्यावर नऊच तोंडं होती. भिकाजी समुद्रात परत टाकत होता, काकांनी मागून घेतला. कठीण प्रवाळ बाळगायला कायद्याने बंदी आहे. हे मऊ प्रवाळ. विभागप्रमुखांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, आठवडाभर टिकेल. पुढे कॉलेजच्या माहितीपत्रकात टाकीचा फोटो छापला गेला. शेजारी विभागप्रमुख उभे. खाली लिहिलं होतं, "यांनी जोपासलेले प्रवाळ." मी ते पान काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, "पाणी स्वच्छ आलंय फोटोत."

गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. टाकीच्या टेबलावर प्रिंटर ठेवायचा होता, म्हणून टाकी घरी न्या म्हणाले. काकांनी ती भिकाजीच्या टेंपोतून आणली. दगड स्वतःच्या मांडीवर बादलीत धरून आणला.

घरी दोघंच. काका आणि त्यांची आई, यमुनाबाई. काकांनी लग्न केलं नव्हतं. आजी चौऱ्याऐंशीच्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"अक्षया गो, बघ. सून आणली असती तर निदान बोलली असती. हा बटणं घेऊन आलाय."

"आये, सून तुझ्याशी बोलली असती काय?" काका आतून म्हणत.

पाण्याचा बंदोबस्त मे महिन्यातच करावा लागे. पावसात खाडीचं गोडं, गढूळ पाणी समुद्रात उतरतं. किनाऱ्याचं पाणी चार महिने कामाचं राहत नाही. म्हणून काका मे अखेरीस भांगाच्या दिवसांत होडीतून बाहेर जात. भांगाला भरती लहान असते, तळ ढवळत नाही. ते पाणी फडक्यातून गाळून चार ड्रमांत भरून मागच्या पडवीत झाकून ठेवत. दर पंधरवड्याला टाकीतलं थोडं काढायचं, ड्रममधलं थोडं घालायचं. दसऱ्यापर्यंत पुरे. इंचभरसुद्धा जास्त उरत नसे.

घरात तांब्याचं एकही भांडं नव्हतं. आजींची त्यावर कायमची तक्रार.

"माझा हंडा मोडीत घातलान. गळतो म्हणाला. गळत नव्हता."

का मोडीत घातला, ते काकांनी आजींना सांगितलं नाही. मलाही नाही. साबण सांगितला, तेल सांगितलं, उदबत्ती सांगितली. तांब्याची गोष्ट त्यांनी एकट्याने उरकून टाकली होती. एकतीस वर्षं कॉलेजात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सांगायची सवयच नव्हती.

नारळी पौर्णिमेला मी त्यांच्याकडे गेले. काका बंदरावर होते. आजी पलंगावरून उठून, भिंतीला धरत, टाकीपाशी आल्या होत्या. हातात दोऱ्यात ओवलेले पाच पैसे. जुने, मध्ये भोक असलेले, तांब्याचे.

"ह्याच्या बापाशीचे," त्या म्हणाल्या. "होडी सुटायची तेव्हा दरसाल एक पैसा द्यायचो दर्याला. नारळ बाप्यांनी, पैसा बायकांनी. हे पाच राहिले. आता मला काय बंदरावर जाववत नाय. दर्याच घरात आलाय तर म्हटलं इथंच देऊ."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला. पुटपुटल्या. पैसे पाण्यात सोडले. ते दगडामागे वाळूत गेले.

"सांगू नको हां त्याला. हसतो मेला."

मी सांगितलं नाही.

आठ दिवसांनी टाकीत शेवाळ खायला ठेवलेल्या गोगलगायी मेल्या. काचेवरून सुटून वाळूत पडल्या. मग प्रवाळ उघडेनासे झाले. काकांनी खारटपणा पाहिला. बरोबर होता. उष्णता पाहिली. दिव्याची उंची बदलली. पाणी फिरवणारा पंप सोडवून पुसला. मग पाणी बदललं. दोन दिवस थोडे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा पाणी बदललं. पुन्हा तेच.

सकाळची हजेरी एकशे चारवर आली. मग ऐंशीवर.

"दसऱ्याचं पाणी गणपतीआधी संपवणार तू," आजी म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"मग बघू."

पौर्णिमेपासून पंधराव्या दिवशी मी गेले तेव्हा काका टाकीसमोर स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली. चौथ्या ड्रममध्ये तळाशी थोडंच पाणी उरलं होतं. ते बोटं दुमडत एकेक शक्यता पुसत होते.

"मीठ नाय. उष्णता नाय. साबण नाय. तांबं तर घरातच नाय."

"तांबं?" मी म्हटलं.

"तांबं पाण्यात उतरलं की ह्यांना विष. माणसाला बरं, ह्यांना विष. म्हणून तर आयेचा हंडा..." ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय गो?"

मी सांगितलं.

त्यांनी हात धुतले नाहीत. तसाच कोपरापर्यंत हात घातला. दोरा कुजला होता. चार पैसे वाळूत सापडले. पाचव्यासाठी दगड उचलावा लागला. पैशांवर हिरवं चढलं होतं.

ते त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवले.

"तू होतीस तेव्हा?"

"हो."

"आणि बोलली नायस."

"आजी म्हणाल्या, सांगू नको."

"आये म्हणते ते तू केव्हापास्नं ऐकायला लागलीस?"

मी म्हटलं, "मला ते छान वाटलं होतं."

"काय?"

"समुद्राला पैसा. टाकीत. छान वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं.

"छान," ते म्हणाले.

मग उठले. कागदाची पुडी केली आणि कपाटात वर टाकली. "आयेला यातलं काय कळता कामा नये. समजलं ना?"

तांबं आता वाळूत आणि दगडात मुरलं होतं. पाणी कितीही बदललं तरी दगड ते पाझरत राहणार. दगडच टाकायला हवा होता. त्यासाठी जिवंत तोंडं ब्लेडने एकेक सोडवून धुतलेल्या शिंपल्यांवर चिकटवायची, आणि ते शिंपले नव्या पाण्यात ठेवायचे. जिवंत त्रेचाळीस होती.

"मुंबईहून मिठाची पाकिटं मागवू," मी म्हटलं. "त्यात पाणी कालवून होतं ना?"

"आठ दिवस लागतात यायला. आठ दिवस ह्यांच्याकडे नायत."

त्यांनी हातमोजे घातले, चष्मा फडक्याने डोक्याला घट्ट बांधला. या प्रवाळाचा चीक डोळ्यात उडाला तर डोळा जातो. मला दाराशी उभं केलं. ड्रममधलं उरलेलं पाणी प्लॅस्टिकच्या घमेल्यात ओतलं. मग कामाला बसले. एकाला पाच-सात मिनिटं लागत. संध्याकाळपर्यंत सोळा झाले. घमेल्यात तेवढेच शिंपले मावत होते. पाणी तेवढंच होतं.

"उद्या भिकाजीबरोबर बाहेर जातो. चार वाव खोलीच्या पुढे गेलं की पाणी निळं मिळेल," ते म्हणाले. "दुपारी ये. उरलेले करू."

करू म्हणाले. मी घरी जाताना तो शब्द धरून गेले.

सकाळी होडी गेली, अकराला परत आली. भिकाजीने मला पुढचं सांगितलं. पाणी निळं मिळालं. काकांनी जिभेवर थेंब ठेवला, "पस्तीस" म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी हसले. दोन कॅन भरले. धक्क्याच्या पायऱ्यांवर पावसाचं शेवाळ होतं. पहिला कॅन त्यांनी स्वतः वर नेला. दुसरा भिकाजी घेत होता.

"राहू दे रे, तुझ्या हाताला तेल," काका म्हणाले.

चौथ्या पायरीवर पाय गेला. डोकं मागे आपटलं. रत्नागिरीला पोचण्याआधी संपले.

कॅन फुटला नाही. झाकणही निघालं नाही. भिकाजीने दोन्ही कॅन घरी आणून पडवीत ठेवले. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. मासेमारीसाठी गेलेल्या वृद्धाचा पाय घसरून मृत्यू. कॉलेजातून एक हार आला. माणूस आला नाही. बंदरावर एक जण म्हणाला, "बटणांपायी गेला." लोक हसले नाहीत, पण माना हलल्या.

आजी रडल्या नाहीत. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला.

"तुझ्यासमोर दिले ना गो पैसे? पाच दिले. एक द्यायचा असतो, मी पाच दिले. तरी नेलान. अजून काय द्यायला हवं होतं?"

मी खरं सांगितलं नाही. या वेळी काकांनी बजावलं होतं म्हणून.

कपाटाकडे बघू नये म्हणून मी टाकीकडे बघितलं. पाणी पेन्सिलच्या रेघेखाली दोन बोटं उतरलं होतं. उठून पडवीत गेले. एक कॅन उघडला आणि घमेल्यातलं जुनं पाणी काढून त्यात नवं ओतलं. सोळांपैकी अकरा तगले होते. दुपारपर्यंत त्यांतले दोन उघडले.

मग दगडाकडे वळले. हातमोजे घातले, चष्मा नाही म्हणून डोळे बारीक केले, आणि ब्लेड हातात घेतलं. कुठून धरायचं, किती खोल घालायचं, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी दाराशी उभी होते. विचारलं नव्हतं.

ब्लेड खाली ठेवलं.

सत्तावीस दगडावरच आहेत, सगळे मिटलेले; किती जिवंत ते मला कळत नाही. त्यांतल्या एकाला काकांनी त्या संध्याकाळी हात घातला होता, मग घमेल्यात जागा नाही म्हणून थांबले. त्याची एक कड सुटून पाण्यात हलते आहे. दुसरी दगडाला धरून आहे.