न फोडलेला नारळ

उरणच्या माझ्या मेकॅनिकला काहीही विचारा, तो आधी हात पुसतो, मग बोलतो. आमच्या जुन्या कॉन्टेसात त्याने मोठं इंजिन बसवलं आणि जुने ब्रेक ते पेलतील का, याची मला काळजी लागली. बाकीचे गॅरेजवाले इंजिन सुरू झालं की नारळ फोडतात. हा गाडी पळवून बघतो आणि ती नीट थांबली तरच फोडतो.

काल तो एकटाच चक्कर मारून आला. इंजिन मस्त घुमत होतं. माझी मुलं धावत मागच्या सीटवर चढली. मी नारळ पुढे केला. त्याने घेतला नाही.

"पळते बेस, पण थांबत न्हाय, भाऊ," म्हणाला, आणि तसल्याच काळ्या हातांनी त्याने मुलांना एकेक करून खाली उतरवलं.