मेंबर नसलेलीसाठी साक्ष

औषधांच्या कारखान्यात आम्ही पॅकिंगच्या बायका डबे मधोमध उघडायचो. आपला डबा आपणच खायचा नाही, हा रिवाज. माझी मेथी शेजारणीकडे, तिचे थेपले माझ्याकडे. नवी बाई आधी या जेवणात बसायची, मग युनियनची मेंबर व्हायची.

ठेकेदाराकडची एक पोटुशी मुलगी माझ्या शेजारी उभी असायची. एकदा पाय सुजले म्हणून जरा पालथ्या क्रेटवर टेकली, तर दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवलं. कामचुकार म्हणे! ती कामगार न्यायालयात गेली. मी म्हटलं, मी पाहिलंय, मी साक्ष देईन.

आमच्या युनियनचे सेक्रेटरी समजवायला आले. "बेन, ती आपली मेंबर नाही. पगारवाढीची बोलणी चाललीयत, आत्ताच कंपनीला कशाला डिवचता?"

माझं डोकंच फिरलं. "अहो भाई, मेंबर नसली की पाय सुजत नाहीत होय?"

साक्ष दिली. त्यानंतर माझ्या डब्याला कुणी हात लावेना. भांडण नाही, टोमणा नाही. त्यांचे डबे फक्त पलीकडे सरकले. भांडल्या असत्या तर बरं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. बोलणी काही फिसकटली नाहीत, पगार वाढला, माझाही वाढला. तरी मी आपली खिडकीपाशी एकटी. जेवताना मोबाईल बघायची सवय लागली ती तेव्हाच.

निकाल तिच्या बाजूने लागला. बाळाला पादरा गावी आईकडे ठेवून ती कामावर आली, त्या दिवशी मी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. सुट्टीत बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली. ती आत आली, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून त्यांच्यात जाऊन बसली. तिचं काय चुकलं? तिला इथं टिकायचं होतं, आणि माझ्याशेजारी बसून कोण टिकणार? पण बाई गं, फार लागलं ते मला.

सुभानपुऱ्याला घरी येताना वाटेत सगळ्या पोळ्या गाईला घातल्या.

नवरा दारातच कौतुकानं विचारायला लागला, "काय, आली का तुझी पाहुणी? आवडल्या पोळ्या?"

"आवडल्या की," मी म्हटलं, "आणखी मागून घेतली."