भुजंगमामांची पाणबुड्यांची वही

भुजंगमामा विहिरीच्या काठावर पालथे पडायचे, पाण्यात सोडलेल्या लोखंडी पाइपाला कान लावायचे आणि कुणाच्या शेतात इंजिन चालू आहे ते सांगायचे. "हे रंगनाथचं. दट्ट्या झिजलाय त्याचा." झरी गावातले लोक हसायचे. मी भूगोल शिकवायला नवाच आलो होतो, मीही हसलो. तिसऱ्या दिवशी मामा शाळेत हजर. "गुरुजी, समुद्राचा नकाशा हाय ना तुमच्याकडं? मला एक पाणबुडी बुडवायची हाय."

मामा थट्टा करत नव्हते. नौदलात त्यांचं कामच पाण्याखालचे आवाज ऐकण्याचं. मानवत गावचा दत्ता आणि ते एकाच दिवशी भरती झालेले. एकाहत्तरच्या लढाईत दत्ताचं जहाज पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवलं. मामा तेव्हा दुसऱ्या जहाजावर होते. दत्ताचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. मामांनी मानवतला जाऊन त्याच्या आईच्या पायावर हात ठेवला आणि ती बोट बुडवीन म्हणून शपथ घेतली. पुढं ते पेन्शनीत गेले, शपथ काही गेली नाही.

मग वही सुरू झाली. दुश्मनाच्या एकेका पाणबुडीला एकेक पान. कुणाकडून घेतली, पाण्याखाली किती दिवस टिकते, आवाज किती करते, सगळं रेडिओच्या बातम्यांवरून आणि परभणीहून एसटीनं येणाऱ्या पेपरांवरून. मी नकाशावर दोरा लावून अंतरं काढून द्यायचो. पानाच्या तळाशी लाल पेन्सिलीनं ठरलेले दोन शब्द: 'इथं मारा'.

एकदा मी शहाणपणा केला. "मामा, चीनकडं तर ढीगभर आहेत. खरी भीती त्यांचीच नाही का?"

"तुमी नुसती मुंडकी मोजायलात, गुरुजी! ढीग लांब हाय. जवळची एकच गप बोट लय वाईट. पण बॅटरी उतरली की इंजिन चालवावं लागतंय, अन् इंजिनाला हवा लागती. श्वास घ्यायला वर यावंच लागतंय हरामखोराला. तवाच धरायचं."

'श्वास घ्यायला वर यावंच लागतंय.' लोकांना चुकवून फिरणाऱ्या सरपंचापासून पाकिस्तानापर्यंत सगळ्यांना मामांचं हे एकच वाक्य लागू.

दर दिवाळीला ते वही घेऊन मानवतला जायचे. एका वर्षी मीही गेलो. दत्ताच्या म्हाताऱ्या आईला दिसत नव्हतं. पावलं ऐकूनच तिनं विचारलं, "बुडाली का रे ती?"

"अजून न्हाई, आई."

"मग फराळ कोन्या तोंडानं खातूस?"

मामांनी चकलीचं ताट मुकाट्यानं बाजूला सारलं. मी हातातला लाडू परत ताटात ठेवला.

त्यांचा मुलगा माधव याच सुडावर वाढला. डोळ्यांवर गमजा बांधून मामा त्याला विहिरीवर बसवायचे. इंजिन ओळखायला चुकला तर जेवण नाही. मला संताप यायचा, पण मामांपुढं बोलायची माझी काय टाप! माधव नौदलात गेला, आणि पुढं त्याची पाणबुडीवर निवड झाली. मामांनी गावभर पेढे वाटले. "आता आपला माणूस त्यांच्या दाराशी!" पेढे घेऊन आम्ही मानवत गाठलं.

म्हातारीनं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "पाण्याच्या खाली? मग त्याला श्वास घ्यायला वर यावं लागत न्हाई व्हय?"

मामा पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधायला लागले.

"मी बोट बुडवाय सांगितली होती, भुजंगा. पोरगं द्यायला कुठं सांगितलं?"

परत येताना एसटीत मी म्हणालो, "मामा, सोडा आता हे."

"सोडू? दत्त्याला सोडू? थू!" अख्खी एसटी वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते नकाशापुढं बसले. "आज त्यांच्या बाजूनं बघायचं. आपली बोट कुठं आवाज करील, कुठं वर येईल." आठ-दहा दिवस आम्ही दोघं आमच्याच माधवच्या मागावर होतो. "मी पाकिस्तानी असतो तर इथं दबा धरून बसलो असतो," असं म्हणून त्यांनी लाल पेन्सिल टेकवली. त्या पानाच्या तळाशी काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही.

दोन वर्षांनी मामा विहिरीवरच गेले, पाइपाला कान लावलेला असतानाच. माधव दहाव्याला पोचला. मी वही त्याच्या हातात दिली. बाकी सगळ्या पानांवर 'इथं मारा'. शेवटच्या पानावर: 'माधव, इथं वर येऊ नको.' वही छातीशी धरून तो पोरासारखा रडला.

मग आम्ही मानवतला गेलो. म्हातारीनं चाचपत माधवचा चेहरा शोधला आणि तळहात त्याच्या नाकाखाली धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"चालू हाय," ती म्हणाली. "आता सांग. बुडाली का ती?"