बसून ऐकायची नाचाची चाल

मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूला एक फार्महाउस आहे. दोन वर्षांपूर्वी मला तिथे वाजवायला बोलावलं. मी शहापुरात व्हायोलिनच्या शिकवण्या घेते. मुंबईच्या एका मंडळातला वादक आयत्या वेळी आजारी पडला होता. कार्यक्रम होता आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडच्या लोकसंगीताचा, तेही बरोक काळातलं, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी वाजायचं तसं.

मंडळाच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. ते युरोपात उन्हाळी वर्ग करून आले होते. किती दिवसांचा, ते सांगत नसत. एप्रिलच्या उकाड्यात त्यांनी आम्हाला गळ्याशी झालरी असलेले सदरे घालायला लावले. हार्पसिकॉर्ड हे त्या काळचं तारांचं वाद्य कीबोर्डच्या एका बटणात होतं, ते त्यांना चाललं. माझा पाय तालावर हलला, ते मात्र चाललं नाही.

"खेडवळ दिसतं ते," सर म्हणाले.

खेडवळच होत्या त्या चाली. दिवसभर राबून नाचणाऱ्या माणसांच्या. लंडनच्या छापणाऱ्यांनी त्या उचलल्या, खाली भारदस्त साथ जोडली आणि दिवाणखान्यातल्या लोकांना विकल्या. सर याला 'संस्कार' म्हणत.

असेच संस्कार करायला त्यांना इथलाही माल हवा होता. म्हणून जवळच्या पाड्यातून पावा, म्हणजे बांबूची बासरी वाजवणारे एक म्हातारे बाबा बोलावले. दुपारच्या तालमीला ते भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही एक आयरिश चाल वाजवली.

"हे नाचाचं हाय ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो, बाबा."

"मंग नाचणार कोण?"

"पाहुणे खुर्च्यांवर बसून ऐकतील," सरांनी हसून सांगितलं. मग पावा फुंकून दाखवायला लावला आणि मान हलवली. "तुमचा सूर उतरलाय, बाबा. आमच्याशी जुळणार नाही."

आदल्या दिवशी याच माणसाने आमच्या तारा अर्धा सूर उतरवायला लावल्या होत्या, जुन्या काळी तसं असायचं म्हणून. युरोपातला उतरलेला सूर म्हणजे अभ्यास. बाबांचा उतरला की चूक.

बाबा रागावले नाहीत. "बसल्यांसाठी आमी नाय वाजवत," एवढं बोलून ते मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने तिथून तीच चाल ऐकू आली. एकदाच ऐकून त्यांनी ती उचलली होती, दोन सूर आपल्या मनाने बदलून. स्वयंपाकाला आलेल्या दोन बायका हात धरून फेर धरू लागल्या. मी व्हायोलिन घेऊन बाहेर गेले, तारा पाव्याला मिळवल्या आणि साथ केली. त्या चालीत काय आहे, ते मला तेव्हा कळलं.

सर दारात येऊन उभे राहिले. "तुम्ही तरी शिकलेल्या आहात, मॅडम," ते म्हणाले.

"म्हणूनच बाहेर आले," मी म्हटलं.

संध्याकाळी मला वगळून कार्यक्रम झाला. तिसऱ्या चालीलाच पाहुणे जेवणाची चौकशी करायला लागले, असं स्वयंपाकाच्या त्या दोघींतल्या एकीने मला नंतर फोनवर सांगितलं. सरांबद्दल वाईट वाटतंय का, ते मी तपासून पाहिलं. नाही वाटलं.