गीझरला कान लावणारा शेजारी

रायपूरच्या समता कॉलनीत आमच्या शेजारी सरकारी ऑफिसातला एक बाबू राहतो. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा नागपूरहून आला. पंखा असो की मिक्सर, बिघडलेल्या वस्तूला हा हात लावायच्या आधी कान लावतो. बोलतोही हळू, जणू मशीन झोपली आहे. मला त्याचं नवल वाटतं.

परवा आमचा गीझर तापला की बंदच होईना. नळातून वाफ यायला लागली, म्हणून त्याला बोलावलं. त्याने आधी मेन स्विच पाडला, झाकण उघडलं, थर्मोस्टॅटची चकती फिरवली आणि डोळे मिटले.

"काय ऐकून राहिला रे?"

"टक् आवाज यायले पाहिजे, काकू. पाणी तापलं की हा टक् करून बंद होते. आता मुका झाला."

मग टॉर्च मारून आत पाहिलं. एका वायरचं प्लास्टिक वितळलं होतं. त्याने लगेच झाकण लावलं.

"मिस्त्री बोलवा. याच्या पुढचं माझं काम नाही."

"इतकं खोललं तर करून टाक ना! मले गुडघे शेकाले गरम पाणी लागते."

"हव, पण शॉक लागला तर गुडघ्यांसकट जाल."

त्याने गीझरचा फ्यूज काढून खिशात टाकला. "मिस्त्री आला की माझ्या घरून घेऊन जा."

"काहून? माझ्यावर भरोसा नाही?"

"नाही. मी गेलो की तुम्ही चालू करसान."

मी तेच करणार होते. तो गेल्यावर मुकाट्याने मिस्त्रीला फोन लावला.