डायनाच्या घरातला लाडू

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. सिंकखाली प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते जमतात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर. लोदला एअरपोर्टजवळच्या एका किचनमध्ये आम्ही बायका विमानात जाणारे जेवणाचे ट्रे भरायचो. मी, डायना, रिबेकामावशी, सगळ्या मुंबई-कोकणातून ह्या देशात आलेल्या ज्यू. चहाच्या सुट्टीत मराठीच चालायचं. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या डायनाच्या घरचे, आणि तेही एका सापाचे. अजून कोणी भेटलं की म्हणतं, "फ्लोरा, सापाचं सांग." सांगते. पण हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

*

नव्वद सालानंतरची गोष्ट. डायनाचा अवी तेव्हा पंधरा वर्षांचा. कुठल्याशा दोस्ताकडून त्याने अजगराचं पिल्लू आणलं आणि उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवलं. डायना इस्त्रीला बसली होती. तिने अभ्रा ओढला आणि तो हातात हलला!

डायना शेजारणीच्या घरात जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत परत येईना. अवी तिला समजावत होता की हा विषारी नाही, ह्या जातीचा फार मोठा होत नाही, घाबरला की गोळा होऊन बसतो, म्हणून नाव ठेवलंय लाडू. सगळं हिब्रूत. आपली पोरं मराठी समजतात, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

शेवटी तिचा नवरा सायमन म्हणाला, "राहू दे गं. निदान हा तरी आपल्याला हिब्रूत उलट उत्तर देत नाही."

राहिला.

*

रिबेकामावशी रेवदंड्याच्या. लहानपणी नागपंचमीला शेजारच्या बायका दूध ठेवायच्या ते त्यांनी पाहिलेलं. आपल्यात काही ते नसतं, पण डोक्यात बसलेलं बसलेलंच. एका शनिवारी त्या डायनाकडे गेल्या आणि बशीत दूध घेऊन लाडूच्या काचेच्या टाकीसमोर बसल्या. बसल्या त्या बसल्याच. चहा नको, खाणं नको.

डायनाने विचारलं, मावशी, वाट कसली बघताय?

आता आपल्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि मावशींची सगळी नोकरी किचनच्या मांसाच्या बाजूला गेलेली. दुधाचा चमचा चुकून तिकडे आला तर अख्खी बॅच बाहेर. त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "अवी म्हणतो, ह्याने सकाळी उंदीर खाल्लाय. मांसावर लगेच दूध कसं देऊ? काही तास तरी होऊ देत."

अवी हसून हसून जमिनीवर लोळला. साप दूध पीतच नाहीत हे त्याने मावशींना कितीदा सांगितलं असेल, पण मावशींना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

*

पुण्याचे एक संशोधक दोन वर्षांसाठी जवळच रेहोवोतला आले होते, आणि मराठी जेवणासाठी डायनाकडे यायचे. साहेबांनी चपला काढून टाकीला हात जोडले. बायकोने मात्र आपल्या दोन वर्षांच्या पोरीला जे कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. एका हाताने उभ्याउभ्या जेवली.

निघताना डायनाला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, तुमची मुलं मोठी आहेत, ठीक आहे. पण उद्या नातवंडं आली की काय करणार?"

डायनाने ते आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं आणि आम्ही त्या बाईला भित्री म्हणून मोकळ्या झालो.

*

अवी सैन्यात गेला. उत्तरेला, सरहद्दीवर. फोन यायचा तेव्हा डायना विचारायची, "जेवलास का?" आणि तो विचारायचा, "लाडू जेवला का?" उंदीर देण्याचं काम सायमनकडे. डायना दारातसुद्धा उभी राहायची नाही.

मग एका सकाळी तीन युनिफॉर्मवाले जिना चढून आले. ह्या देशात ते कशाला येतात ते दार उघडायच्या आधीच कळतं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. मला अजून जमत नाही.

आपल्यात कोणी गेलं की सात दिवस घरचे खाली बसतात आणि आरशांवर कापड टाकतात. मावशींनी सगळे आरसे झाकले आणि जाता जाता अवीच्या खोलीतली काचेची टाकीपण चादरीने झाकली. काच ती काच. मधेच कधीतरी डायना उठली. घर माणसांनी भरलेलं, अवीचे ऑफिसर बसलेले. तिने चादर काढली आणि म्हणाली, "त्याला अंधारात नका ठेवू. आणि त्याला कोणी खायला घातलं का?"

कोणीच घातलं नव्हतं. जिने सापाकडे कधी धड बघितलं नव्हतं तिने चिमट्यात उंदीर धरला आणि टाकीत सोडला. तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. त्यानंतर ते काम तिने कोणाला करू दिलं नाही.

*

अवीची बहीण ओर्ली लग्न होऊन अश्केलोनला गेली होती. तिला मुलगी झाली, नोआ. बाळांच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, घरात प्राणी आहे का? ओर्ली म्हणाली, माझ्या नाही, आईच्या घरी साप आहे. नर्सने साफ सांगितलं की इतक्या लहान बाळाला त्या घरात नेऊ नका. सापाच्या अंगावरून, विष्ठेतून जंतू हाताला लागतात, हातावरून बाळाच्या तोंडात जातात. मोठ्या माणसाचं पोट बिघडतं, बाळाच्या जिवावर येतं. शिवाय झाकण उघडं राहिलं तर काय?

ओर्लीने आईला तसंच सांगितलं. साप असेपर्यंत नोआ लोदला येणार नाही.

डायना मग बसने अश्केलोनला जायची, पिशवीत धुतलेले कपडे घेऊन. तिथे कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात घासायची, मग नातीला घ्यायची. हातांची सालं निघाली. किचनमध्ये आम्ही तिला सरळ म्हणालो, बाई, देऊन टाक कोणाला तरी. मी तर भांडले तिच्याशी. तर म्हणाली, "त्याचे कपडे दिले, सायकल दिली. त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय. हे कसं देऊ?"

मी पुढचा ट्रे ओढला. माझी तिन्ही मुलं रोज घरी येत होती.

*

अवीच्या वर्षाच्या प्रार्थनेला ओर्ली आली. बाळ कोणाकडे ठेवणार? घेऊन आली. डायनाने शपथ घेतली होती, टाकी बंद, खोली बंद. नोआला आतल्या बेडरूममध्ये झोपवलं.

सायमनने सकाळी पाहुणे येणार म्हणून टाकी पुसली होती. झाकण ठेवलं, खटका लावायला विसरला. खोलीचं दारही नुसतं लोटलेलं. लाडू मिळाला तो नोआच्या पायाशी, दुमडलेल्या ब्लँकेटमध्ये, ऊब धरून गोळा झालेला. बाळ झोपलेलं होतं. काही झालं नाही.

ओर्ली ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाळ उचललं आणि अनवाणीच जिना उतरून गेली. तिचे बूट दाराशी तसेच राहिले. सायमन भिंतीला टेकून रडला. अवीच्या वेळीसुद्धा मी त्याला असा रडताना पाहिला नव्हता.

*

पुढच्या आठवड्यात डायना म्हणाली, फ्लोरा, माझ्याबरोबर चल. एका किबुत्झवर, म्हणजे सगळ्यांची मिळून शेती असते त्या वस्तीवर, शाळेच्या पोरांसाठी प्राण्यांचं घर होतं, तिथे साप घेणार होते. बसमध्ये तिने डबा मांडीवर धरला होता. डब्याला भोकं पाडलेली, वरून अवीचा स्वेटर.

तिथला माणूस भला होता. लाडूला हातात घेतला, तोंड तपासलं, चांगला ठेवलाय म्हणाला. डायनाने त्याला सांगितलं, कात टाकताना चिडतो, तेव्हा हात लावू नका. थंडीत खात नाही, घाबरायचं नाही. तो सगळ्याला मान डोलवत होता.

मग तिने विचारलं, मी भेटायला आले तर चालेल का?

तो म्हणाला, खुशाल ये, पण आधीच सांगतो, साप माणूस ओळखत नाहीत.

"मी ओळखेन," डायना म्हणाली.

फाटकाबाहेर बसस्टॉपवर पब्लिक फोन होता. तिने कार्ड घातलं, अश्केलोनचा नंबर फिरवला. ओर्लीने उचलला. डायना मराठीत म्हणाली,

"ओर्ली, शुक्रवारी नोआला घेऊन ये. घर रिकामं झालंय."